चांगली बाजू रस्त्याकडे

२ जून, सोमवार. पहाटे

आजपासून बागेत. आई म्हणते ही शिक्षा आहे. मी म्हणतो संधी आहे. शेवटी बघणाऱ्याच्या नजरेवर असतं.

मे महिन्यात जे झालं त्यात माझा दोष फार तर अर्धा. तेल शेगडीवर होतं, मी पाच मिनिटं बाहेर गेलो. तेवढ्यात भिंत काळी झाली. पण आईला हॉस्पिटलात दोन-दोन पाळ्या, आणि आजी एकदा दुपारची झोपली की भूकंपातही उठणार नाही. म्हणून आईने सोक्षमोक्ष लावला: सुट्टीभर वाळवंटी बागेत स्वयंसेवक व्हायचं. तिथून एक तक्रार आली की सामान बांधायचं आणि ओमाहाला जायचं, बाबांकडे.

ओमाहाला बाबा आहेत, त्यांची बायको शेरिल आहे, तीन वर्षांची जुळी आहेत आणि मका आहे. बाकी काही नाही. माझे मित्र टुसॉनमध्ये, आजी टुसॉनमध्ये, आजीच्या हातच्या तोर्तिया, म्हणजे पातळ पोळ्या, टुसॉनमध्ये. मी इथून हलणार नाही म्हणजे नाही.

संकल्प: ऑगस्टपर्यंत बागेला माझ्याशिवाय चालणार नाही अशी परिस्थिती निर्माण करणे.

२ जून. दुपारी

पारा एकशे सहा. माणसाला एवढा ताप आला तर दवाखान्यात नेतात, इथे त्याला हवामान म्हणतात.

आम्ही सहा पोरं-पोरी. प्रमुख ओपलबाई, वय सत्तरच्या आसपास, हॅट त्यांच्याहून जुनी. त्या म्हणाल्या की टोपी, पाण्याची बाटली आणि कंगवा या तीन गोष्टींशिवाय फाटकाच्या आत पाऊल ठेवायचं नाही. कंगवा कशाला ते सांगितलं नाही. माझे केस बारीक आहेत, तेव्हा माझा प्रश्न मिटला.

एक ब्रॅन्सन ट्विचेल नावाचा मुलगा आहे. नवे बूट, नवी हॅट, अंगाला नारळाच्या वासाचं सनस्क्रीन. पहिल्याच दिवशी बाईंची पिशवी उचलली. अशी माणसं ओळखून असावं.

३ जून

कंगवा कशाला ते कळलं.

चोया नावाचा निवडुंग मी लहानपणापासून बघतो आहे. त्याचे गोळे नुसते जवळून गेलात तरी उडी मारून चिकटतात. हाताने काढायला गेलं तर हाताला चिकटतात. कंगव्याने उडवायचे असतात. हे सगळं मला माहीत होतं, फक्त आठवलं नाही. आणि मी त्याच्यावर बसलो हे खोटं आहे, मी त्याच्याजवळ बसलो.

सकाळभर प्रथमोपचाराच्या खोलीत पालथा. मार्लेना आन्तोने नावाच्या मुलीने दोन कंगवे घेऊन काटे काढले. मध्येच म्हणाली, अरे साहेब, हलू नकोस, नाहीतर जन्मभर उभ्याने जेवशील. मला ती साहेब म्हणाली. नेतृत्वगुण पालथं पडूनही दिसतात.

बाहेर ओपलबाई बाकीच्यांना निवडुंग एका जागेवरून दुसऱ्या जागी कसा न्यायचा ते शिकवत होत्या. खिडकीतून बरंचसं ऐकू येत होतं, पण मी लक्ष दिलं नाही. आमच्या चार पिढ्या या वाळवंटात गेल्या. मला निवडुंग काय शिकवणार?

५ जून

मोठी बातमी. रोपवाटिकेमागे पिंपासारखे गोल निवडुंग आहेत, ते सगळे प्रवेशद्वाराजवळच्या नव्या वाफ्यात न्यायचे. ओपलबाईंनी ते बी पेरून वाढवले आहेत. तीस वर्षांत माझ्या गुडघ्याएवढे झाले. बाई ऑगस्टमध्ये निवृत्त होणार, त्यांच्या निरोपाची पार्टी त्या वाफ्यासमोर होणार. मार्लेना म्हणाली, बाईंना पोरंबाळं नाहीत, हीच त्यांची पोरं.

थोडक्यात, हा वाफा ज्याने जिंकला त्याने उन्हाळा जिंकला.

बाकीची पोरं आज दिवसभर प्रत्येक निवडुंगावर खडूने एकेक रेघ ओढत होती. ब्रॅन्सन सर्वांत पुढे, जीभ बाहेर काढून. सोळा-सोळा वर्षांची घोडी झाली तरी खडू दिसला की रेघोट्या ओढायच्या! मी त्या वेळात फावडी लांबीप्रमाणे लावली.

१० जून

निवडुंग उपटले. मुळं सुकायला आठवडाभर सावलीत ठेवले आहेत. माझ्या हाताला फोड. आईला दाखवले, ती म्हणाली छान. मी सहानुभूतीची अपेक्षा केली होती. आजीने मात्र तोर्तियात चीज घालून दिलं आणि म्हणाली, ओमाहात तुला हे कोण देणार.

संकल्प: आजीला त्या गावाचं नाव काढायची वेळ येऊ द्यायची नाही.

१६ जून

आजचा दिवस सोन्याच्या अक्षरांनी लिहावा असा!

लागवड होती. मार्लेना नव्हती, तिच्या आजीकडे साग्वारो निवडुंगाची फळं काढायचा हंगाम असतो, सगळं घर तिकडे जातं. ब्रॅन्सनला ऊन लागलं (एवढं सनस्क्रीन थापून!) म्हणून त्याला आत नेलं. दुसऱ्या तिघांना बाईंनी तिकीटखिडकीवर पाठवलं. उरलो मी. खड्डे तयार होते. बाई म्हणाल्या, जमेल ना रे? मी म्हणालो, बिनधास्त जा.

निवडुंगांवर त्या खडूच्या रेघा तशाच होत्या. बाईंच्या आयुष्यभराची कमाई, आणि तिच्यावर पोरांच्या रेघोट्या! ओलं फडकं घेऊन एकेक पुसली. मग डोकं चालवलं. प्रत्येक निवडुंगाची एक बाजू राकट असते, काळपट, ओरखड्यांची. दुसरी बाजू कोवळी, हिरवीगार. पाहुणे रस्त्याने येणार. तेव्हा चांगली बाजू रस्त्याकडे. साधी गोष्ट आहे, पण सुचावी लागते.

दुपारी बाई गाडीतून गेल्या, काच खाली करून म्हणाल्या, स्वच्छ काम केलंस पोरा. मी घरी येईपर्यंत ते वाक्य मनात घोळवलं. आईला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ती हसली. मे महिन्यानंतर पहिल्यांदा.

२३ जून

निवडुंगांना सोनेरी झाक येते आहे, फक्त रस्त्याकडच्या बाजूला. माझ्या मांडणीचा परिणाम दिसतो.

२७ जून

पारा एकशे बारा. सोनेरी झाक पांढरी पडते आहे. एका पाहुण्याने विचारलं, ही वेगळी जात आहे का. मी म्हणालो हो, चंदेरी. त्याने फोटो काढला.

ओपलबाई उद्यापासून महिनाभर फ्लॅगस्टाफला बहिणीकडे, गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी. जाताना म्हणाल्या, माझ्या पोरांकडे बघ. मला म्हणाल्या, ब्रॅन्सनला नाही.

१ जुलै

मार्लेना परत आली. वाफ्यासमोर उभी राहिली, वाकून एकेक निवडुंग बघितला. मग म्हणाली, साहेब, खडूच्या रेघा कुठे गेल्या?

मी म्हणालो पुसल्या.

तिने कपाळावर हात मारला. मग सांगितलं. रेघ म्हणजे दक्षिण. इथलं ऊन दक्षिणेकडून मारतं. निवडुंगाची दक्षिणेची बाजू जन्मभर भाजून राठ झालेली असते, उत्तरेची कोवळी राहते. म्हणून उपटण्याआधी दक्षिणेला खूण करायची आणि नव्या जागीही तीच बाजू दक्षिणेला ठेवायची. उलटा लावला तर कोवळी बाजू भाजते. माणसाच्या कातडीसारखी सोलून नवी येत नाही. डाग कायमचा.

रस्ता वाफ्याच्या दक्षिणेला आहे.

मी विचारलं, हे तुला कोणी सांगितलं? ती म्हणाली, तीन जूनला बाईंनी सगळ्यांना सांगितलं, तू आत ढुंगण वर करून पडला होतास.

२ जुलै

झोप नाही. उपाय शोधले.

उपाय पहिला, सगळे पुन्हा फिरवायचे. मार्लेना म्हणाली, या उन्हात दुसऱ्यांदा उपटलेस तर सरळ मरतील. उपाय दुसरा, बाईंना फोन. हाही तिचाच. म्हणाली, आत्ता सांग, जाळी लावून सावली करता येईल. मी म्हणालो, ऑपरेशन झालेल्या बाईला त्रास देणं माणुसकीला धरून नाही. योग्य वेळी सांगू. ती म्हणाली, योग्य वेळ काय बसने येते का तुझ्याकडे?

तक्रार म्हणजे ओमाहा हे तिला माहीत नाही. सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर रडलो असतो, आणि नेत्याने रडू नये.

३ जुलै

घरातल्या चादरी नेऊन झाकल्या. ऑफिसातली माणसं एसी सोडून बाहेर येत नाहीत, पण तिकीटखिडकीवरून फोन आला की पाहुणे विचारतायत कोणाचं धुणं वाळत घातलंय. काढल्या. आजीच्या क्रोशाच्या टेबलक्लॉथला काट्यांनी भोकं पडली. तसाही तो भोकांचाच होता.

११ जुलै

सुचलं! इतकं सोपं होतं की आजवर कोणाला कसं सुचलं नाही याचं नवल वाटतं.

ऊन लागू नये म्हणून माणूस काय करतो?

ब्रॅन्सनच्या पिशवीत मोठी बाटली होती, ती तात्पुरती घेतली. रंगाच्या ब्रशने काट्यांच्या मधून मधून प्रत्येक निवडुंगाच्या भाजलेल्या बाजूला जाड थर दिला. दोन तास लागले. वाफ्याला समुद्रकिनाऱ्यासारखा वास येतो आहे. समुद्र मी पाहिलेला नाही, पण असाच येत असणार.

१२ जुलै

थरावर धूळ बसली. निवडुंग पिठात घोळवून तळायला ठेवल्यासारखे दिसतात. धुळीमुळे सावलीच होते, म्हणजे दुहेरी फायदा.

१९ जुलै

वादळ आलं, सगळं धुऊन गेलं. खाली डाग होते तसेच, उलट पसरलेले. पुन्हा थर दिला. दुकानातून तीन बाटल्या आणल्या, नारळाच्याच. दुसरा वास चालला असता, पण आता निवडुंगांना सवय झाली असेल.

मार्लेना माझ्याशी बोलत नाही. फक्त येता-जाता म्हणते, बस आली का रे?

२६ जुलै

आईने आज विचारलं, बागेत सगळं ठीक ना? म्हणाली, बाबांचा फोन होता, त्यांना सांगितलं की वारो, म्हणजे मी, अगदी सुधारला. माझा अभिमान वाटतो म्हणाली. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो.

संकल्प: उद्या बाईंना फोन.

२७ जुलै

रविवार. रविवारी मोठ्या माणसांना फोन करू नये.

२ ऑगस्ट

बाई सोमवारी येणार, शनिवारी त्यांची पार्टी. फोन राहिला. आता फोन करण्यात अर्थ नाही, भेटूनच बोलू. शेवटचा उपाय म्हणून आज सनस्क्रीनमध्ये हिरवा रंग कालवून लावला, आजी केकवर घालते तो. लांबून बघितलं तर जमलं आहे. फार लांबून.

४ ऑगस्ट

जे झालं ते तसंच लिहितो.

सकाळी साडेपाचला गेलो. बाई माझ्या आधी आलेल्या, काठी टेकत. वाफा नव्हता. म्हणजे वाफा होता, निवडुंग नव्हते. उकरलेली माती, चावलेले तुकडे, सगळीकडे खुरांचे ठसे. हावेलीना! रानडुकरांसारखी दिसतात, पण त्यांना डुक्कर म्हटलेलं बाईंना चालत नाही. पूर्ण कळप आला असणार. बाजूच्या वाफ्यांना तोंडही लावलं नव्हतं. थेट आमच्याच वाफ्यावर आले होते, वासावर.

बाकाखाली एक लहानसा निवडुंग उरला होता, डाव्या अंगाला पांढरा डाग.

खरं सांगतो, क्षणभर मला हायसं वाटलं. डाग गेले, पुरावा गेला, जनावरांना कोण ओमाहाला पाठवणार! मग बाई पालथ्या बादलीवर बसल्या. एक तुकडा हातात घेतला, हुंगला. म्हणाल्या, माझ्या पोरांना स्विमिंग पूलसारखा वास का येतोय?

नारळाचं सनस्क्रीन सगळ्या बागेत एकच माणूस लावतो. सगळ्यांनी ब्रॅन्सनकडे बघितलं. ब्रॅन्सन आधी माझी बाटली चोरीला गेली होती म्हणाला, मग रडायला लागला. मोठमोठ्याने, नव्या हॅटमध्ये तोंड खुपसून.

तेव्हा मी स्वतःहून पुढे आलो. (मार्लेनाने माझी कॉलर धरली होती, पण मी येणारच होतो.)

सगळं सांगितलं. खडू, फडकं, चांगली बाजू, चादरी, सनस्क्रीन, केकचा रंग. सांगताना पहिल्यांदाच ते सगळं एका ओळीत ऐकलं. फार वाईट वाटलं. ओमाहासाठी नाही, म्हणजे त्याच्यासाठीही.

बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, एक जुलैला कळलं होतं ना तुला? तेव्हा फोन केला असतास तर निम्मे वाचले असते.

५ ऑगस्ट

बाईंनी आईला फोन केला. तक्रार नाही केली म्हणे, फक्त काय झालं ते सांगितलं. आईने ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि विमानाचं तिकीट बघायला बसली. मी म्हणालो, तक्रार नव्हती ती. आई म्हणाली, मिहो, बाळा, मला भिंतीचं काही नव्हतं, निवडुंगांचंही नाही. महिनाभर रोज रात्री जेवताना तू मला सगळं छान चाललंय म्हणून सांगत होतास.

मी उठून सगळ्यांची ताटं घासली.

९ ऑगस्ट

बाईंची पार्टी. आमंत्रण सगळ्यांना होतं, मी खुर्च्या लावायला गेलो. रिकाम्या वाफ्यासमोर लावल्या. ब्रॅन्सनने अर्ध्या लावल्या, न सांगता. मी त्याला बाटलीबद्दल सॉरी म्हणालो. तो म्हणाला, कोणत्या बाटलीबद्दल, मी मोजून चार बघितल्या. मुलगा वाईट नाही.

निघताना बाईंनी कुंडी हातात दिली. बाकाखाली उरलेला तोच. राठ बाजूला त्यांनी खडूने ठळक रेघ ओढली होती. मी म्हणालो, हा मला का? म्हणाल्या, कारण आता ही चूक तू पुन्हा करणार नाहीस, बाकीच्यांचा भरवसा नाही. मी म्हणालो, तिकडे थंडी असते, बर्फ पडतं. त्या म्हणाल्या, पडू दे. घरात ठेव. दक्षिण ओमाहातही असते.

मार्लेना म्हणाली, साहेब, बस आली तुझी. आणि मग माझ्या खिशात एक कंगवा घातला.

१४ ऑगस्ट

आजीने दोन डझन तोर्तिया फॉइलमध्ये बांधल्या. टेबलक्लॉथ मला दाखवला, सगळी भोकं विणून बुजवली आहेत. मी तिला सांगितलं, दिवाळं निघालं माझं आजी. ती म्हणाली, असू दे, कुंडी मांडीवर धरून बस, वरच्या कप्प्यात टाकू नकोस.

१७ ऑगस्ट, ओमाहा

मका आहेच. मी म्हणालो होतो.

शेरिल विमानतळावर फुगा घेऊन आली होती. जुळ्यांनी माझ्या पायांना मिठी मारली आणि एकाने चावलं. खोली छोटी, पण खिडकी आहे, फोनवर बघितलं, बरोबर दक्षिणेला. कुंडी खिडकीत ठेवली, रेघ काचेकडे. म्हणजे डागाची बाजू पलंगाकडे. सकाळी डोळे उघडले की समोर तोच डाग. चालायचंच.

१९ ऑगस्ट

शेरिलने माझी खोली आवरली. चादर बदलली, पुस्तकं लावली. कुंडी पुसून चकचकीत केली. म्हणाली, त्याच्यावर कोणीतरी खडूने रेघोटी ओढली होती बघ, तुझ्या भावांचंच काम असणार, पुसून टाकली. आणि तो पांढरा डाग बरा दिसत नव्हता, म्हणून वळवून ठेवला. चांगली बाजू तुझ्याकडे केली आहे.

ती इतकी खूश होती की मी थँक यू म्हणालो.

ती गेल्यावर परत फिरवला. रेघ नसली तरी अडलं नाही, डाग आहे ना. डाग काचेकडे नको एवढं बघायचं.

२१ ऑगस्ट

काल तिने दोनदा वळवला. मी दोनदा परत. आज सकाळी पुन्हा वळवलेला होता, वर एक छोटी रिबीनही बांधली होती.

तिला सांगायला हवं. पण सांगायचं तर का ते सांगावं लागेल, आणि का ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल, आणि बाबांनी तिला सांगितलंय की वारो बागेत फार छान काम करत होता.

संध्याकाळी सांगेन. जेवताना सगळे असतात. जेवण झाल्यावर.

२१ ऑगस्ट. रात्री जेवणानंतर

तिने विचारलं, कसं चाललंय? मी म्हणालो, छान.